कॉलेज फुटबॉल: क्रमवारी कशी वाचायची आणि प्लेऑफचे बारा संघ कसे काढायचे

अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलच्या (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलच्या) सर्वोच्च गटाला एफबीएस म्हणतात. २०२५च्या हंगामात या गटात १३६ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामाचे साधारण १२ सामने. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. आयपीएलसारखा एकच गुणतक्ता, बरोबरी झाली तर नेट रनरेट, असा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही. ११ सामने जिंकलेला संघ बाहेर राहू शकतो आणि ८ जिंकलेला संघ आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या समूहाचा, विजेता होऊ शकतो. पुण्या-नागपूरहून ॲरिझोना स्टेट, पर्ड्यू किंवा टेक्सस ए अँड एममध्ये शिकायला गेलेल्यांना हा खेळ सप्टेंबरपासून चोहीकडे दिसतो, पण क्रमवारीचे गणित कुणी बसून समजावत नाही. ते नोव्हेंबरच्या आधी समजून घेतले तर डिसेंबरच्या निवडीचा बराचसा अंदाज स्वतःच बांधता येतो.

आधी कोणती यादी समोर आहे ते पाहा

संघाच्या नावाआधी जो आकडा दिसतो, तो नेहमी एकाच यादीतला नसतो. ऑगस्टपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दिसणारा आकडा बहुधा एपीच्या, म्हणजे असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीतला असतो. १९३६पासून चालत आलेली ही क्रमवारी साठाहून अधिक क्रीडापत्रकार आणि प्रसारक मतदानाने ठरवतात. दुसरी यादी प्रशिक्षकांची, ती १९५०पासूनची. या दोन्ही याद्यांचा प्लेऑफच्या निवडीशी नियमाने काहीही संबंध नाही. निवड होते ती १३ सदस्यांच्या निवड समितीच्या क्रमवारीवरून. ही क्रमवारी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा येते, त्यानंतर दर मंगळवारी, आणि शेवटची कॉन्फरन्स अंतिम सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. समितीची पहिली यादी आली की टीव्हीच्या पडद्यावरचे आकडेही बदलून तिचे होतात. एखादा संघ शनिवारी सातवा होता आणि पुढच्या शनिवारी अकरावा दिसतो, तर तो घसरलाच असे समजू नका. बऱ्याचदा यादीच बदललेली असते.

एपीची यादी वाचताना क्रमांकापेक्षा गुण पाहा. प्रत्येक मतदार २५ संघ लिहितो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत पंचविसाव्याला १. समजा ६५ मतदार आहेत, तर कमाल गुण १६२५. एखाद्या संघाला १३०० गुण असतील तर १३०० भागिले ६५ म्हणजे सरासरी २०. २६मधून २० वजा केले की ६ उरतात, म्हणजे मतदारांच्या सरासरीत तो सहावा. आता त्याच्या वरच्या आणि खालच्या संघाशी गुणांचे अंतर पाहा. पाचव्या-सहाव्यात ८ गुणांचा फरक असेल तर तो फरक नावापुरताच. १५० गुणांची दरी असेल तर मतदार त्या दोघांना वेगळ्या पंक्तीत बसवत आहेत. ही युक्ती वरच्या दहा-बारा संघांपुरतीच वापरा. खाली गेल्यावर अनेक मतपत्रिकांवर संघाचे नाव नसते, तिथे शून्य धरले जाते आणि सरासरी फसवी निघते. यादीच्या तळाशी ‘इतर मते मिळवणारे’ अशी ओळ असते, तीही वाचा. पुढच्या आठवड्याचे विसावे ते पंचविसावे संघ बहुधा तिथूनच वर येतात.

एपीच्या यादीत एक जडत्व असते. मतदार बहुधा मागच्या आठवड्याचीच यादी पुढे ओढतात: जिंकलेल्याला हलवत नाहीत, हरलेल्याला चार-सहा पायऱ्या उतरवतात. त्यामुळे हंगामाआधीच्या अंदाजाचा प्रभाव ऑक्टोबरपर्यंत टिकतो. २०२४मध्ये फ्लोरिडा स्टेट हंगामाआधी दहावी होती. डब्लिनमधल्या पहिल्याच सामन्यात जॉर्जिया टेकने तिला २४-२१ असे हरवले आणि ‘दहाव्या क्रमांकाच्या संघावर विजय’ म्हणून त्याचे कौतुक झाले. फ्लोरिडा स्टेटने हंगाम संपवला २ विजय आणि १० पराभवांवर. प्रतिस्पर्ध्याचा सामन्याच्या दिवशीचा क्रमांक म्हणून लिहूनच ठेवू नये, आजचा लिहावा आणि दर आठवड्याला खोडून नवा घालावा.

कॉन्फरन्सचा तक्ता

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा संघ-समूह, ज्याचे सभासद मुख्यतः आपसात खेळतात. मोठ्या चार आहेत: एसईसी (१६ संघ), बिग टेन (१८), बिग ट्वेल्व्ह (१६) आणि एसीसी (१७). नावातल्या आकड्यांवर जाऊ नका, ती नावे जुन्या काळातली आहेत. २०२४मध्ये मोठी फेरमांडणी झाली. ऑरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये गेले, टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर असूनही ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या एसीसीत. त्याआधीचे तक्ते पाहून तर्क कराल तर चुकाल. २०२५च्या हंगामातल्या बाकीच्या मुख्य लहान कॉन्फरन्स: अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, मिड-अमेरिकन आणि कॉन्फरन्स यूएसए. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, आणि हे पुढे फार महत्त्वाचे ठरते.

नावांचेही दोन घोळ लक्षात ठेवा. मायामी नावाची दोन विद्यापीठे आहेत: फ्लोरिडातले एसीसीत, ओहायोतले मिड-अमेरिकनमध्ये. आणि यूएससी म्हणजे सहसा सदर्न कॅलिफोर्निया, पण साउथ कॅरोलायनाही स्वतःला त्याच अक्षरांनी ओळखते.

तक्त्यात प्रत्येक संघापुढे विजय-पराभवांच्या दोन नोंदी असतात: कॉन्फरन्समधली आणि एकूण. ७-१ आणि ११-१ असे लिहिले असेल तर पहिली जोडी कॉन्फरन्सची. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कोण जाणार हे पहिल्या जोडीवर ठरते, समिती मात्र दुसरी जोडी पाहते. बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हमध्ये प्रत्येकी ९ कॉन्फरन्स सामने. एसईसीत २०२५पर्यंत ८, २०२६पासून ९. चारही मोठ्या कॉन्फरन्समध्ये आता विभाग नाहीत, पहिले दोन संघ थेट अंतिम सामना खेळतात. सन बेल्टमध्ये २०२५च्या हंगामातही पूर्व आणि पश्चिम असे विभाग होते, तिथे प्रत्येक विभागाचा पहिला संघ घ्यावा लागे.

सोळा-सतरा संघ आणि सामने आठ-नऊच, म्हणून बरोबरी जवळजवळ दरवर्षी होते. बरोबरी सोडवण्याचे नियम प्रत्येक कॉन्फरन्सचे वेगळे, पण उतरंड सारखीच आहे. आधी आपसातला सामना. तो झाला नसेल तर दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. तिथेही बरोबरी असेल तर प्रत्येकाच्या कॉन्फरन्समधल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रित विजयाचे प्रमाण. त्यानंतर संगणकीय मानांकन किंवा गुणफरक, आणि अगदी शेवटी चिठ्ठी. तीन किंवा अधिक संघ बरोबरीत असतील तर आपसातला सामना तेव्हाच चालतो, जेव्हा ते सगळे एकमेकांशी खेळलेले असतात किंवा त्यातल्या एकाने बाकी सगळ्यांना हरवलेले असते. इथेच बहुतेकांचे गणित चुकते: ‘आम्ही त्यांना हरवलं, म्हणजे आम्ही पुढे’ हे दोघांच्या बरोबरीत खरे, पाचांच्या बरोबरीत नाही.

२०२५मध्ये एसीसीत नेमके हेच झाले. व्हर्जिनिया पहिला, आणि दुसऱ्या जागेसाठी ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग, एसएमयू असे पाच संघ ६-२ वर बरोबरीत. निकाल लागला प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणावर आणि एकूण ७-५ असलेला ड्यूक अंतिम सामन्यात गेला, १०-२ असलेला मायामी घरी राहिला. ड्यूकने जादा वेळेत व्हर्जिनियाला हरवून विजेतेपदही घेतले. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या संघापुरते पाहून भागत नाही. तुमचा संघ कॉन्फरन्समध्ये ज्यांच्याशी खेळला ते संघ त्या दिवशी जिंकतात की हरतात, यावरही तुमची जागा अवलंबून असते.

समिती काय तोलते

समितीत विद्यापीठांचे क्रीडासंचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक असतात. बैठक टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइनला होते. प्रत्येक सदस्य आधी ३० संघांची यादी देतो, तीन किंवा अधिक सदस्यांनी लिहिलेले संघ विचारात घेतले जातात. मग थोडे थोडे संघ घेऊन गुप्त मतदान होते आणि तीन-तीन संघ जागेवर बसवत यादी खाली उतरते. आपल्या विद्यापीठाशी संबंध असलेला सदस्य त्या संघाच्या चर्चेत आणि मतदानात नसतो. दर आठवड्याला पाटी कोरी करून सुरुवात होते. मागच्या आठवड्याची यादी नियमाने बांधून ठेवत नाही, हा एपीपेक्षा मोठा फरक.

तोलायच्या गोष्टी जाहीर आहेत: वेळापत्रक किती कठीण, आपसातला निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, कॉन्फरन्सचे विजेतेपद, आणि मुख्य खेळाडूची दुखापत यांसारख्या बाबी. दुखापतीचा मुद्दा कागदावरच राहील असे समजू नका. २०२३मध्ये, जेव्हा चारच संघ घेतले जात, तेव्हा १३-० अशी अपराजित आणि एसीसी जिंकलेली फ्लोरिडा स्टेट पाचवी ठरून बाहेर राहिली, कारण तिचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला होता. २०२५पासून समितीला आणखी एक मोजमाप मिळाले: संघाने आपल्या वेळापत्रकातून किती कमावले. कठीण संघाविरुद्धच्या विजयाचे वजन जास्त, कठीण संघाकडून झालेल्या पराभवाची शिक्षा कमी, आणि दुबळ्या संघाविरुद्ध याच्या उलट.

याच ठिकाणी दोन प्रकारची आकडेवारी गोंधळ करते. ईएसपीएनचे एफपीआय किंवा एसपी प्लस ही मानांकने ‘उद्या सामना झाला तर कोण जिंकेल’ हे सांगतात. समितीपुढचा प्रश्न मुख्यतः ‘आतापर्यंत कोणी काय मिळवले’ हा असतो. सामन्याचा निकाल सांगायचा असेल तर पहिली वापरा. निवडीचा अंदाज बांधायचा असेल तर वेळापत्रक आणि निकाल हातात घ्या. थोड्या फरकाने तीन सामने हरलेला नावाजलेला संघ एफपीआयमध्ये वर राहतो आणि निवडीत मागे पडतो, त्यात विसंगती काही नाही.

बारा संघ काढण्याची रीत

२०२४पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात. समितीच्या यादीतले पहिले बारा उचलले की झाले, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. २०२४ आणि २०२५च्या हंगामांत चाललेली रीत अशी:

१. सगळ्या कॉन्फरन्सचे विजेते वेगळे काढा. त्यांतले समितीच्या क्रमवारीत सर्वांत वरचे पाच थेट आत, मग त्यांचा क्रमांक कितीही असो.

२. हे पाच यादीतून खोडा. उरलेल्यांतून वरून सात मोजा. हे सात आत.

३. बारांना मानांकन द्या. २०२५मध्ये ते सरळ समितीच्या क्रमांकानुसार होते. बाराबाहेरच्या क्रमांकाचे विजेते तळाला, अकराव्या-बाराव्या जागी बसतात.

४. पहिले चार थेट उपांत्यपूर्व फेरीत. बाकीचे ५ विरुद्ध १२, ६ विरुद्ध ११, ७ विरुद्ध १०, ८ विरुद्ध ९, असे वरच्या मानांकनाच्या मैदानावर खेळतात.

५. पुढची जोडी ठरलेलीच: १ची गाठ ८-९च्या विजेत्याशी, २ची ७-१०च्या, ३ची ६-११च्या, ४ची ५-१२च्या. फेरी संपल्यावर फेरमांडणी होत नाही.

रीत २०२५च्या शेवटच्या यादीवर चालवून पाहू. वरचे पाच विजेते: इंडियाना (१), जॉर्जिया (३), टेक्सस टेक (४), टुलेन (२०), जेम्स मॅडिसन (२४). ड्यूक मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता होता, पण पाच पराभव घेऊन पंचविसांत नव्हता, म्हणून पाचवी जागा सन बेल्टच्या जेम्स मॅडिसनला गेली. उरलेल्यांतून सात: ओहायो स्टेट (२), ऑरेगन (५), ओल मिस (६), टेक्सस ए अँड एम (७), ओक्लाहोमा (८), अलाबामा (९), मायामी (१०). सात संपले. अकरावी नोटर डेम आणि बारावी ब्रिगहॅम यंग बाहेर. त्या वर्षी रेषा बारावर नव्हती, दहावर होती. २०२४मध्ये बारावी ॲरिझोना स्टेट आणि सोळावा क्लेम्सन विजेते म्हणून आत गेले आणि अकरावा अलाबामा राहिला. रेषा तेव्हाही दहाव्या एसएमयूवरच होती. म्हणून नोव्हेंबरपासून दर मंगळवारी प्रश्न असा विचारा: खालून किती विजेते आत घुसणार? प्रत्येकामागे वरची एक जागा कमी.

नियम हंगामागणिक बदलतो, हेही जमेस धरा. २०२४मध्ये पहिली चार मानांकने फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. त्यामुळे समितीच्या यादीत नववी असलेली बॉइसी स्टेट तिसरी मानांकित झाली आणि पाचवी नोटर डेम सातवी. २०२५मध्ये ती अट गेली. पुढच्या हंगामाचे गणित मांडण्याआधी ऑगस्टमध्येच त्या वर्षीचा निवडीचा नियम वाचून घ्या.

नोंदवही कशी ठेवायची

पहिल्या समिती-यादीपासून पंचवीस-तीस संघांचा तक्ता पुरतो. रकाने: एकूण नोंद, कॉन्फरन्समधली नोंद, समितीचा क्रमांक, सर्वांत चांगले दोन विजय, प्रत्येक पराभव (कोणाकडून, कुठे, किती फरकाने), उरलेले सामने, आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याची वाट खुली आहे की बंद. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पराभवांची गाळणी अशी लावा. नियमित हंगामात शून्य किंवा एक पराभव असलेला मोठ्या कॉन्फरन्सचा संघ जवळजवळ सुरक्षित. दोन पराभव असतील तर ते कोणाकडून झाले यावर सगळे. नियमित हंगामातच तीन पराभव झालेला कोणताही संघ २०२४ किंवा २०२५मध्ये विजेतेपदाशिवाय आत गेला नाही. ९-३ अलाबामा २०२४ला आणि ९-३ टेक्सस २०२५ला राहिले. एक वाईट पराभव मात्र भरून निघतो. नोटर डेम सप्टेंबर २०२४मध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर १६-१४ अशी हरली, त्यानंतर नियमित हंगामात एकही सामना हरली नाही आणि प्लेऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. तोच पराभव नोव्हेंबरात झाला असता तर भरून काढायला सामनेच उरले नसते.

कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरल्यावर किती घसरण होते, याला ठराविक माप नाही, आणि ही या पद्धतीतली खरी कच्ची बाजू आहे. ६ डिसेंबर २०२५च्या शनिवारी अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ असा हरला आणि नवव्या क्रमांकावर तसाच राहिला. त्याच दिवशी ब्रिगहॅम यंग टेक्सस टेककडून ३४-७ असा हरला आणि खाली गेला. दोन्ही संघ मोठ्या फरकाने हरले, वागणूक वेगळी मिळाली.

त्या घसरणीचा परिणाम तिसऱ्याच संघावर झाला. आधीच्या मंगळवारी नोटर डेम १०, ब्रिगहॅम यंग ११, मायामी १२ असा क्रम होता. मायामीने ऑगस्टमध्ये नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते, तरी तोपर्यंत मागेच होता. मधला संघ सरकला, दोघे शेजारी आले, मग आपसातल्या निकालाचा काटा लागला आणि मायामी दहावा झाला. त्या शनिवारी दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नव्हता. यातून घ्यायचे ते हे: आपसातला विजय समितीत तेव्हाच बोलतो, जेव्हा दोन संघ जवळजवळ बरोबरीचे मानले जातात. नोंदवहीत अशा जोड्यांवर खूण करून ठेवा आणि त्यांच्यामधला संघ कोण आहे, त्याचा सामना कधी आहे, यावर नजर ठेवा. नोटर डेमला कॉन्फरन्सचा अंतिम सामनाच नसल्याने शेवटच्या शनिवारी स्वतःची बाजू मांडायची संधी नसते, हा धोका तिच्या ओळीत कायम लिहिलेला असू द्या.

प्लेऑफचा अंदाज बांधताना

थेट उपांत्यपूर्व फेरी मिळाली म्हणजे वाट सोपी, असे धरू नका. २०२४ आणि २०२५ या दोन हंगामांत असे ८ संघ झाले, त्यांतले ७ पहिलाच सामना हरले. फक्त २०२५चा इंडियाना टिकला आणि पुढे मायामीला २७-२१ असे नमवून विजेता झाला. कॉन्फरन्स अंतिम सामन्यानंतर सुमारे २५ दिवस सामना नाही, आणि समोर नुकताच जिंकून आलेला संघ. पहिल्या फेरीत मात्र घरच्या मैदानाचा फायदा दिसतो: दोन वर्षांच्या ८ सामन्यांत यजमान ६ वेळा जिंकले. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, पीच आणि फिएस्टा या सहा बाउलमध्ये, म्हणजे ठरलेल्या शहरांतल्या पारंपरिक मोठ्या सामन्यांमध्ये, वाटलेले असतात, तिथे यजमान कुणी नाही. २०२४मध्ये आठवे मानांकन असलेली ओहायो स्टेट अशाच वाटेने विजेती झाली.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यानंतर साडेदहा तास. दुपारी १२चा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री ९:३०ला, नोव्हेंबरात १०:३०ला. दुपारी ३:३०चा मध्यरात्रीनंतर १ वाजता, मग २ला. संध्याकाळी ७:३०चा रविवारी पहाटे ५ला, मग ६ला. एपीची यादी तिकडे रविवारी दुपारी २ला येते, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री ११:३०, नोव्हेंबरपासून मध्यरात्रीनंतर १२:३०. हंगामाच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र ती मंगळवारी येते, कारण सामने सोमवारच्या कामगार दिनापर्यंत चालतात. समितीची यादी बुधवारी सकाळी मिळेल. शेवटची निवड जाहीर होते ती डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी रात्री १०:३०च्या सुमारास, आणि जानेवारीतला अंतिम सामना सोमवार संध्याकाळचा, म्हणून आपल्याकडे मंगळवारी सकाळी ६चा गजर लावावा लागतो.